नागिणीचे गोत्र

रोगांना नावे देण्यात आपल्या जुन्या बायकांचा हात कुणी धरणार नाही. देवी काय, गोवर काय, कांजिण्या काय! त्यांत मला सर्वांत चपखल वाटते ते नागिणीचे नाव. गंमत अशी, की डॉक्टरांच्या 'हर्पीस' या शब्दाचे मूळही ग्रीक भाषेतल्या 'सरपटणे' या अर्थाच्या क्रियापदात आहे. दोन दूरच्या मुलखांतल्या माणसांना एकाच दुखण्यात सरपटणारे जनावर दिसावे, हे नवलच!

गेल्या वर्षी ही नागीण माझ्याकडे पाहुणी आली. आधी दोन दिवस डाव्या बरगडीखाली नुसती आग. मग तिथेच पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पट्टा. शेजारच्या काकूंनी काव उगाळून आणली आणि बजावले, "मास्तर, तोंडाला शेपूट मिळू देऊ नका हो! मिळाले की संपले." काव वाटीतच राहिली आणि मी दवाखाना गाठला.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "फोड कधी उठले?" "काल संध्याकाळी," हे उत्तर ऐकून ते खूश झाले. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू केले, तर गुण चांगला येतो म्हणे. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षे निजून असतो; तोच पुन्हा जागा होतो. ज्या मज्जातंतूच्या वाटेने तो येतो, त्याचा अंमल शरीराच्या एकाच बाजूला, मध्यरेषेपर्यंत. म्हणून नागीणही बहुधा तिथेच थबकते. तोंड आणि शेपूट यांची भेट व्हावी कशी? मात्र ती डोळ्याजवळ उठली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा.

खपल्या धरल्यावर मी शाळेत गेलो. रजेच्या अर्जाला डॉक्टरांची चिठ्ठी जोडली होती. तीवरचा 'हर्पीस' हा शब्द वाचून एक तरुण सहशिक्षक एकदम गप्प झाला. मधल्या सुटीत त्याने मला व्हरांड्याच्या टोकाला नेले. आदल्या दिवशी त्याच्या ओठाच्या कडेला फोड उठले होते. साखरपुडा झालेला, लग्न महिन्यावर आलेले. "सर, हे तेच असेल का? तपासणी आत्ता करू की लग्नानंतर? आणि तिला कळले तर?" मी कादंबऱ्या लिहितो, पण या पोराने एका रात्रीत रचलेली शोकांतिका मला दोन वर्षांत साधली नसती.

शाळा सुटताच मी त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे समजावले. हा विषाणू नागिणीचा नव्हे, तिच्या गोत्रातला. ताज्या फोडातले पाणी काडीवर घेऊन तपासता येते. खपली धरली, की पुरावा हाती लागणे कठीण. फोडच नसेल तर रक्त तपासतात, पण संसर्गानंतर त्यात खूण उमटायला १२ आठवडेही लागू शकतात. त्याआधी घाईने केलेली तपासणी खोटाच दिलासा देते. ओठावरचा हा विषाणू जगातल्या पन्नाशीच्या आतल्या निम्म्याहून अधिक माणसांच्या अंगी आहे, आणि पुष्कळांना तो बालपणीच, एखाद्या मावशी-आत्याच्या मुक्यातून मिळालेला असतो. याच गोत्रातला आजार शरीरसंबंधातूनही येतो. तिथेही ताजा फोड लगेच दाखवायचा आणि जोडीदारापासून लपवायचा नाही. बरे, ज्याच्या अंगी हा विषाणू आहे त्याला तो कधी आणि कुणाकडून आला, हे रक्त सांगत नाही. तेव्हा चारित्र्याचा दाखला त्यात शोधण्यात अर्थ नाही.

घरी परतताना मी विचार करीत होतो. माझी नागीण साऱ्या वाड्याला ठाऊक होती, म्हणून काव तरी आली, चार माणसे विचारपूस तरी करून गेली. त्या पोराचा फोड केवढासा! पण त्याची आग त्याने एकट्याने सोसली. आणखी चार दिवस तो गप्प राहिला असता, तर तपासायला फोड उरला नसता. संशय मात्र लग्नाच्या मांडवात त्याच्या शेजारी बसला असता.

त्याने वाग्दत्त वधूला सारे सांगितले. ती म्हणाली, "एवढेच ना? माझ्या आईच्या ओठावर दर उन्हाळ्यात उठतात." लग्न ठरल्या तिथीला झाले.