भाकरीच्या मुलखातून पावाच्या मुलखात

शिरूरच्या पुलावरून घोड नदी ओलांडली की नगर जिल्हा लागतो आणि त्याबरोबरच बाजरीच्या भाकरीचे राज्यही सुरू होते. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. भाकरीचे नाव मात्र कोणी बदललेले नाही. याच जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी आहे. फ्रेंच बेकरी शोधायला तिकडे कोणी जाणार नाही. तरीही पावाची हकीकत सांगताना मला प्रथम हे गाव आठवते, आणि त्याला कारण आहे.

या गावात एके काळी भट्टी म्हटली की ती दारूची. तीसहून अधिक भट्ट्या तिथे पेटत होत्या. १९७५ साली सैन्यातून निवृत्त होऊन अण्णा हजारे गावी आले. यादवबाबांच्या देवळाच्या जीर्णोद्धारापासून कामाला हात लागला, आणि दारूच्या भट्ट्या लोकांनी आपण होऊन बंद केल्या. नालाबंडिंग झाले, पाझर तलाव झाले, पावसाचे पाणी गावच्या जमिनीत मुरू लागले. ज्याच्याकडे धान्य अधिक झाले त्याने ते धान्य बँकेत घालावे, नड असलेल्याने तिथून न्यावे, अशी व्यवस्था झाली. हे सारे आपण वाचलेले असते. पण मला त्याहून मोठी वाटते ती एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही: गावात सामुदायिक विवाह सुरू झाले आणि त्यात दलित कुटुंबांची लग्नेही त्याच मांडवात लागू लागली. आपल्याकडे लग्न लावणे त्या मानाने सोपे. खरी परीक्षा पंगतीची. कोणी कोणाच्या हातचे खायचे, हा प्रश्न महाराष्ट्राने जेवढा गंभीरपणे घेतला, तेवढा दुष्काळाचा प्रश्नही घेतला नसेल!

पावाची सारी कथा याच प्रश्नाभोवती फिरते.

'पाव' हा शब्द पोर्तुगीजांचा. पगार, चावी, बटाटा, काजू यांच्याच पंगतीतला. पायाने पीठ तुडवतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती आमच्या लहानपणी मोठी माणसे मोठ्या खात्रीने सांगत. ती दंतकथा आहे. परंतु दंतकथा उगाच जन्माला येत नाहीत. पावाची शिसारी यावी, हाच तिचा हेतू होता. विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि गाव बाटले, अशा गोष्टी कोकणात आणि वसईकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. तेव्हा पाव खाणे म्हणजे नुसते न्याहारी करणे नव्हते. तो एक निर्णय होता.

म्हणूनच १८४९ साली मुंबईत परमहंस मंडळी स्थापन झाली तेव्हा जातिभेद सोडल्याची खूण म्हणून सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. चार भिंतींच्या आड, दार लावून! सभासदांची नावे फुटली तेव्हा मंडळीच विस्कटली. पुढे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. हजर असलेल्यांची यादी 'पुणे वैभव'मध्ये छापून आली, आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादात ओढले गेले. एका कपाने शहर ढवळून निघाले. आज त्याच पुण्यात सकाळी पोराला पिटाळून पाव मागवणाऱ्या गृहिणीला हे सांगितले, तर ती म्हणेल, "लोकांना काही उद्योग नव्हते का?"

उद्योग होते, पण हिंमत थोडी होती. ती हिंमत आपल्या घरात आणली ती व्याख्यानांनी कमी आणि बेकरीवाल्यांनी अधिक.

आमच्या आईच्या पिढीतली दिवाळी आठवा. करंज्या, चकल्या, चिरोटे घरचे; नानकटाई मात्र घरी भाजायची सोय नाही. मग मैदा, पिठीसाखर आणि घरचे तूप डब्यांत भरून बेकरीत जायचे. बेकरी बहुधा मुसलमानाची किंवा इराण्याची. तिथला कारागीर तुपाचा हात फिरवून पीठ मळायचा, गोल थापायचा, पत्र्यावर मांडायचा, आणि बायका आपापल्या पत्र्यांवर नजर ठेवून बाकावर बसायच्या. कारण आपले साजूक तूप शेजारणीच्या डालड्यात जाऊ नये! संध्याकाळी गरम डबा घरी आला की त्यातली पहिली नानकटाई देवापुढे. ज्या हातचे पाणी चालत नव्हते त्या हातची नानकटाई देवाला चालू लागली, आणि यावर कुठे ठराव झाला नाही की सभा भरली नाही. समाजसुधारणेच्या इतिहासात या डब्यांची नोंद व्हायला हवी.

पुण्याच्या ईस्ट स्ट्रीटवर १९५५ साली कयानी बंधूंनी बेकरी काढली. तिथल्या श्रूझबरी बिस्किटांना नाव एका इंग्रजी गावाचे, हात इराणी आणि गिऱ्हाईक सदाशिव पेठेतले. सकाळी रांग लागते. रांगेत लष्करी अधिकारी असतो, कॉलेजची मुले असतात, आणि मुंबईच्या मेहुण्यासाठी दोन किलोची मागणी घेऊन आलेला माझ्यासारखा मास्तरही असतो. तिथे गोड बोलणे, आर्जव वगैरे अपेक्षा धरून जाऊ नये. नंबर आला, मागणी सांगितली, खोका हातात पडला, की व्यवहार संपला. परंतु या रोखठोकपणात एक मोठी सभ्यता आहे, हे रांगेत उभे राहिल्यावरच कळते. पुढच्याला जे मिळाले तेच मागच्याला, त्याच भावात. आडनाव कोणी विचारीत नाही.

पुण्यात परदेशी पावाची दुसरी ओळख झाली ती कोरेगाव पार्कात. आश्रमात येणाऱ्या गोऱ्या मंडळींसाठी १९८९ साली तिथे जर्मन बेकरी निघाली. जाड सालीचा, घट्ट, किंचित आंबूस पाव पुणेकरांनी तिथे पहिल्यांदा चाखला आणि 'हा शिळा तर नाही?' असे एकमेकांना विचारले. हळूहळू कॉलेजची पोरे तिथे जाऊन बसू लागली. १३ फेब्रुवारी २०१० च्या संध्याकाळी तिथे बॉम्बस्फोट झाला आणि १७ माणसे मेली. त्यात परदेशी होते तसे आपल्याकडचे विद्यार्थीही होते. एका टेबलाशी नाना देशांची माणसे बसू शकतात, हीच गोष्ट कुणाला तरी खुपली असावी. २०१३ साली बेकरी पुन्हा उघडली आणि लोक पुन्हा येऊन बसले. धैर्य कधी कधी कॉफीचा पेला पुढे ओढून बसण्याइतके साधे असते.

आता त्याच परिसरात फ्रेंच पद्धतीच्या बेकऱ्या निघाल्या आहेत. अशाच एकीत एका विद्यार्थिनीने मला आग्रहाने नेले. काचेच्या कपाटात पदार्थ असे मांडलेले की सराफाच्या दुकानाचा भास व्हावा. 'क्रुवासाँ' हा शब्द बरोबर उच्चारता येतो की नाही, या धास्तीने माझ्या पुढचे एक वयस्क गृहस्थ नुसते बोट दाखवून "ते द्या" म्हणाले. काउंटरवरच्या मुलाने हसून त्यांना नाव सांगितले, गरम करून देऊ का विचारले, आणि टेबलावर आणून दिले. वागणे अगदी आदबशीर. पदार्थही उत्तम: वरून कुरकुरीत, आत मऊ, लोण्याचा वास टोपीतून अत्तर दरवळावा तसा. पण गृहस्थांनी बिल पाहिले, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले. तेवढ्या पैशांत त्यांच्या घरचा महिन्याचा पाव आला असता.

आता थोडे मास्तरकीचे बोलतो. या फ्रेंच करामतीचे मर्म काय? पिठाच्या पोटात लोणी घालून ते लाटायचे, तीन पदरी घडी घालायची, थंड करायचे, पुन्हा लाटायचे. क्रुवासाँला अशा तीन घड्या घातल्या की लोण्याचे २७ पदर होतात. ज्याला ते लोक 'पानापानांचे पीठ' म्हणतात त्याला सहा घड्या, म्हणजे ७२९ पदर! भट्टीत लोण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती एकेक पदर उचलून धरते. हे ऐकून माझी पत्नी म्हणाली, "म्हणजे साटाच की!" खरेच. चिरोट्याला आपण तूप आणि तांदळाच्या पिठाचा साटा लावतो, गुंडाळी करतो, लाटतो, तेही पदरच. आणि राळेगणच्या वाटेवरच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर बरणीत जी खारी असते, ती या फ्रेंच घराण्याचीच गरीब मावशी. लोण्याऐवजी वनस्पती, चांदीच्या चिमट्याऐवजी मालकाची दोन बोटे. पण पदर तेच. पाच-दहा रुपयांत शेतकरी ती चहात बुडवतो आणि तोंडात टाकतो. उच्चाराची धास्ती नाही.

फ्रेंचांची मात्र एक गोष्ट आपण घ्यावी. त्यांनी पावाला कायद्याचे संरक्षण दिले आहे. १९९३ च्या हुकमाने 'परंपरेचा फ्रेंच पाव' म्हणवणाऱ्या पावात काय घालायचे ते ठरवून दिले, आणि तो कोणत्याही टप्प्यावर गोठवता येत नाही. १९९८ च्या कायद्याने, जिथे पीठ मळून तिथेच भाजतात त्याच दुकानाला बेकरीची पाटी लावता येते. २०२२ साली त्यांच्या लांबट पावाच्या कारागिरीला युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. आणि तिथल्या दुकानात शिरताना गिऱ्हाइकाने आधी 'बाँझूर' म्हणायचे असते! नमस्कार न करता मागणी करणारा असभ्य ठरतो. आपल्याकडे सौजन्याची सारी जबाबदारी दुकानदारावर. गिऱ्हाईक जणू जन्मतःच सुटलेले.

मुंबईच्या इराण्याने हे ओळखले होते. यझ्दकडून आलेल्या या मंडळींनी कोपऱ्यावरची दुकाने घेतली. कोपरा अशुभ म्हणून इतर व्यापारी ती घेत नसत, असे सांगतात. धोबी तलावची कयानी १९०४ सालची. संगमरवरी टेबले, गोल पाठीच्या खुर्च्या, ब्रून-मस्का, पाणीकम चहा. आणि भिंतीवर गिऱ्हाइकाने काय काय करू नये याची पाटी. जवळच्या बस्तानीतल्या अशाच सूचनांवरून निसिम इझिकेल यांनी कविता केली. बस्तानी आता नाही. परंतु तिथे हमाल आणि वकील एकाच टेबलाशी चहा पीत आणि दोघांनाही तेच नियम लागू असत. परमहंस मंडळींनी दार लावून जे केले ते इराण्याने नाक्यावर, दारे उघडी टाकून केले.

आज या भट्ट्यांपुढे वेगळाच पेच आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. शहराची हवा बिघडली आहे, आणि जुन्या फर्निचरची लाकडे जाळून निघणारा धूर शेजारच्या चाळीतल्या पोराच्या छातीत जातो, हे नाकारता येणार नाही. पण जाड विटांची भट्टी मोडून नवी उभारायला पैसा लागतो. पाव तर गरिबाचा, भाव वाढवता येत नाही. ब्रूनची साल विजेवर तशीच कडक होते का, याची चर्चा खवय्यांनी खुशाल करावी. माझी चिंता वेगळी आहे. लहान बेकरी मिटली तर वडापावच्या गाडीला पाव कोण पुरवणार, आणि तो कोणत्या भावाने? स्वच्छ हवा आणि स्वस्त पाव, दोन्ही एकाच गरिबाला हवी आहेत. त्यातले एक देऊन दुसरे काढून घेणे हा न्याय नव्हे. भट्टी बदलण्याचा खर्च एकट्या पाववाल्याच्या अंगावर टाकू नये.

गोव्याकडे गेलात तर पहाटे लवकर उठा. यीस्ट नव्हते तेव्हा माडाच्या सुरेने पीठ फुगवून तिथल्या लोकांनी पोर्तुगिजांचा पाव आपलासा केला. उंडो, कोंड्याची पोयी, बांगडीसारखे कडक काकण, अशी त्याची गणगोते. सायकलच्या भोंग्याचा पों-पों आवाज करीत पोदेर दारात येतो. त्याच्या टोपलीवरचे फडके दूर झाले की सगळ्या वाड्याला वास जातो. त्याच्यापुढे कपाट नाही, पाटी नाही, बिल नाही. मी उतरलो होतो त्या वाड्यात एका घरी तुळशीवृंदावन होते आणि पलीकडच्या घरापुढे क्रूस. त्याने दोन्हीकडे सायकल थांबवली, दोन्हीकडे तीच पोयी दिली, आणि माझ्या हातातली नोट पाहून म्हणाला, "सुटे नाहीत? मग उद्या द्या. मी रोज येतो."