कोरड्या जिल्ह्यातली माणसे

"आई, उद्या संध्याकाळी स्वयंपाक करायचा नाही. तुमच्या लग्नाला चाळीस वर्षं होताहेत. आपण सगळे बाहेर जेवायला जाऊ," मुलाने जाहीर केले.

"कुठे रे?" मी विचारले.

तो उत्तर देण्याआधीच सूनबाई जरा घुटमळत म्हणाली, "आई, इथलं गावातलंच हॉटेल आहे. स्टेकसाठी प्रसिद्ध आहे आणि बिअर ते लोक तिथेच तयार करतात. पण तुमच्यासाठी शाकाहारीही बरंच काही मिळतं. मी फोन करून विचारलंय."

मी ह्यांच्याकडे पाहिले. हे पुस्तकात डोके घालून बसले होते. पान मात्र बराच वेळ उलटले नव्हते.

आम्ही वर्ध्याचे. गांधीजींच्या सेवाग्राममुळे आमच्या जिल्ह्यात कित्येक वर्षांपासून दारूबंदी आहे. हे शाळेत शिक्षक होते. दारू तर सोडाच, तिचे नावही आमच्या घरात कोणी काढत नसे. त्याला कारण होते, पण ते कारणही कोणी काढत नसे. आता मुलाकडे अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स गावी आम्ही उभयता तीन महिन्यांसाठी आलो होतो. मुलाचा हिरमोड करणे जिवावर आले, म्हणून आम्ही "बरं" म्हटले.

गाव सुरेख आहे. पश्चिमेला रॉकी पर्वताच्या रांगा, मोठे विद्यापीठ, रुंद रस्ते, सायकलवरून हिंडणारी मुले. गाडीत बसल्यावर मुलगा बापाची कळी खुलावी म्हणून माहिती देऊ लागला. "बाबा, हे गाव १८९६ ते १९६९ पर्यंत कोरडं होतं. दारूविक्रीला बंदी!"

"म्हणजे आपलं वर्धाच की!" मी म्हणाले.

"हो ना! आणि आता लोक या गावाला बिअरसाठीच ओळखतात. १९८९ मध्ये ओडेल कंपनी निघाली, १९९१ मध्ये न्यू बेल्जियम. मग छोटे छोटे कारखाने निघतच गेले."

हे खिडकीबाहेर पाहत होते. एवढेच म्हणाले, "बंदी होती तेव्हा लोक पीत नव्हते, असं लिहिलंय का कुठे?"

ह्या प्रश्नाचे उत्तर आमच्या घरातच होते. मी विषय बदलला.

हॉटेल म्हणजे विटांची जुनी इमारत होती. आत लाकडी टेबले, मंद दिवे आणि एका बाजूला मोठी काच. काचेपलीकडे माणसापेक्षा उंच अशी चकचकीत पोलादी पिंपे ओळीने उभी. माझ्या मनातल्या गुत्त्याच्या चित्राशी काहीच जुळेना. शेजारच्या टेबलावर एक आजी-आजोबा नातवंडांसह जेवत होते. कोणाचा आवाज चढलेला नव्हता.

मी काचेकडे टक लावून पाहते आहे हे वाढायला आलेल्या मुलीच्या लक्षात आले. तिने हसून एका वाटीत मूठभर दाणे आणून दिले. मी दोन तोंडात टाकले. खुसखुशीत, गोडसर, भाजल्याचा खमंग वास.

"अगं, हे तर मोड आणून भाजलेलं धान्य!" मी सूनबाईला म्हणाले. नातवाच्या वेळी मी नाचणीचे सत्त्व करून पाठवले होते. भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे, दळायचे. इथे नाचणीऐवजी जव, एवढाच फरक. मोड आले की दाण्यातल्या पिठाची साखर होण्याची तयारी होते. मग ते भरडून गरम पाण्यात ठेवायचे, म्हणजे साखर पाण्यात उतरते. ते गोड पाणी गाळून हॉप्स नावाची कडवट फुले घालून उकळायचे आणि गार झाल्यावर त्यात यीस्ट सोडायचे. यीस्ट साखर खाते आणि तिचा मद्यार्क करते. उरलेला चोथा गुरांना खायला जातो. आमच्याकडे सरकीची ढेप, इथे जवाचा चोथा!

"म्हणजे पहिल्या चार पायऱ्या आजीच्या, पुढच्या त्यांच्या," अकरा वर्षांचा नातू म्हणाला. सगळे हसले. हेसुद्धा.

मग पदार्थ सांगायची वेळ आली. इथे स्टेक म्हणजे गोमांसच. मुलगा यादीत डोके घालून बसला. शेवटी मान वर करून म्हणाला, "आई, बाबा, एक सांगतो. मी इथे स्टेक खातो. तुम्ही आहात म्हणून आज कोंबडी मागवणार होतो. पण मला ते नाटक वाटतंय."

माझ्या पोटात गोळा आला. चाळीस वर्षे मी ज्या घरात देवाला नैवेद्य दाखवला, तिथला हा मुलगा! मी ह्यांच्याकडे पाहिले. हे शांतपणे म्हणाले, "तुझं ताट तुझं. मला पानात वाढू नकोस, म्हणजे झालं."

मला वाटले, संकट टळले. वाढपी मुलीने मुलाला "कितपत भाजू?" असे विचारले. कोणी आतून लाल, कोणी अर्धवट, कोणी पूर्ण भाजलेला स्टेक मागतात. इथल्या सरकारी सूचनेनुसार मांस आतपर्यंत ६३ अंश सेल्सियस तापले पाहिजे आणि नंतर तीन मिनिटे तसेच ठेवले पाहिजे. कापल्यावर जे लाल पाणी सुटते ते रक्त नव्हे, स्नायूंतल्या एका प्रथिनाचा तो रंग असतो, असे सूनबाईने सांगितले. मला काही त्याने धीर आला नाही. माझ्यासमोर लोण्यात परतलेल्या अळंब्या आणि सालीसकट भाजलेला मुठीएवढा बटाटा आला, त्याने आला.

संकट आले ते नंतर. मुलीने मुलापुढे बिअरचा ग्लास ठेवला. सोनेरी रंग, वर फेस. सूनबाईने लिंबूपाणी घेतले होते, कारण परतताना गाडी ती चालवणार होती. "ज्या दिवशी एक घेतो, त्या दिवशी दुसरा गाडीला हात लावतो. पिऊन गाडी चालवली तर इथे फार कडक शिक्षा आहे," ती म्हणाली.

हे त्या ग्लासाकडे पाहत राहिले. हातातला काटा त्यांनी खाली ठेवला. जेवण थांबले.

"बाबा, काय झालं?"

"तुझा काका काविळीने गेला नाही," हे म्हणाले.

मी दचकले. सव्वीस वर्षे हे वाक्य आमच्या घरात कोणी उच्चारले नव्हते. धाकटे भाऊजी एकेचाळिसाव्या वर्षी गेले. जिल्हा कोरडा, पण गल्लीत हातभट्टीची मिळे. ती नसली की ते गाडीने पुलगाव ओलांडून धामणगावला जात. तो अमरावती जिल्हा, तिथे बंदी नव्हती. यकृत निकामी झाले. लोकांना आम्ही कावीळ सांगितले. बारा वर्षांच्या मुलालाही तेच सांगितले.

हे सगळे सांगू लागले. मध्येच नातवाकडे पाहून थांबले.

"ऐकू दे त्याला," मुलगा म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "बाबा, मला माहीत होतं. काकांच्या पिशवीतली बाटली मी पाहिली होती. कुणाला सांगावं तेच कळलं नाही. ते गेल्यावर मला वाटायचं, मी सांगितलं असतं तर ते वाचले असते."

ह्यांचा चेहरा मी विसरणार नाही. आपण बोललो नाही म्हणजे मुलाला कळणार नाही, असे आम्ही धरून चाललो होतो. आणि बारा वर्षांचे पोर ते ओझे एकटे वाहत होते.

"तुझा काय दोष रे? मी थोरला भाऊ. मला रोज वास यायचा. मी सुद्धा बोललो नाही. लोक काय म्हणतील, एवढंच पाहिलं," हे म्हणाले.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ह्यांनी शिक्षकी आवाजात विचारले, "रोज घेतोस?"

"नाही. महिन्यातून दोन-तीनदा."

"एकच?"

"एक. कधीतरी दोन. खोटं सांगत नाही."

"घराण्यात व्यसन असलं की पुढच्या पिढीला धोका जास्त असतो, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, बाबा. म्हणून तर हिला सांगून ठेवलंय, मोजत जा."

"जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्येच स्पष्ट केलंय, दारूचं कुठलंच प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही. थोडीशी घेतली तर चालते, हे खरं नाही."

"तेही वाचलंय." मुलगा ओशाळे हसला. त्याने ग्लास संपवला. ह्यांनी तो रिकामा होईपर्यंत पाहिले. मुलाने दुसरा मागवला नाही, पाणी मागवले. मग ह्यांनी पुन्हा काटा उचलला आणि गार झालेला बटाटा मुकाट्याने संपवला.

बिल आले, वर वीस टक्के बक्षिसी ठेवण्याची इथली रीत पाळून झाली, उरलेले अन्न डब्यात भरून मिळाले. गाडीत नातू आजोबांना बिलगून बसला होता. "आजोबा, तुम्ही रागावलात का बाबांवर?"

"मला ते आवडलेलं नाही, आणि आवडणारही नाही," हे म्हणाले. "पण त्याला विचारता आलं, आणि त्याने खरं सांगितलं. माझ्या भावाला मी कधी विचारलंच नाही."

सूनबाई गाडी चालवत होती. मागे वळून न पाहता तिने नातवाला म्हटले, "तुझ्या काकाआजोबांचा फोटो आजीच्या फोनमध्ये आहे. घरी गेल्यावर बघू या."

त्या रात्री भाऊजींचा फोटो आमच्या घरात सव्वीस वर्षांनी पहिल्यांदाच सगळ्यांनी मिळून पाहिला.