करवीरचा कर्ण

आजऱ्याचे शिवाजी सावंत, कोवाडचे रणजित देसाई आणि शिरोड्याची शाळा सोडून 1938 साली कोल्हापुरात कायमचे आलेले वि. स. खांडेकर. 1959 साली खांडेकरांची ‘ययाति’ आली, 1967 साली सावंतांची ‘मृत्युंजय’, 1973 साली देसाईंची ‘राधेय’. चौदा वर्षांत एकाच जिल्ह्यातल्या तिघांनी महाभारत उघडलं आणि तिघांचंही बोट चुकलेल्या माणसाच्या नावावर थांबलं. एकानं आपलं म्हातारपण मुलाच्या अंगावर टाकणारा राजा निवडला, दोघांनी अधर्माच्या बाजूनं लढलेला सूतपुत्र कर्ण. युधिष्ठिर कुणाला खुणावला नाही, अर्जुनही नाही.

सरळ वागणाऱ्याला कुणी ‘का’ म्हणून विचारत नाही. चुकणाऱ्याला विचारावंच लागतं, आणि त्या एका ‘का’साठी लेखक आयुष्याची वर्षं घालवतात. तरी कोल्हापूरनं कर्णाला इतकं जवळ का केलं, याचं उत्तर मला पुस्तकांपेक्षा पंचगंगेच्या घाटावर सापडतं.

शस्त्रविद्येच्या रंगभूमीवर कर्ण उभा राहतो आणि कृपाचार्य त्याला कुळ विचारतात. त्याची मान खाली जाते. दुसऱ्या गावात हा प्रसंग पुराणातला म्हणून वाचला जात असेल. इथं 1899 साली, कार्तिकात, पंचगंगेवर स्नान करणाऱ्या खुद्द छत्रपती शाहू महाराजांसाठी पुरोहितानं वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले. शूद्राला तेवढेच चालतात, असं त्याचं म्हणणं होतं. ज्या गावात राजालाच कुळ विचारलं गेलं, त्या गावात राधेच्या मुलाची खाली गेलेली मान कुणाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ‘मृत्युंजय’ लिहिणारा तरुण ती लिहीत असताना इथल्याच राजाराम हायस्कुलात शिकवत होता. त्या कादंबरीची पानं न सुटलेली प्रत इथल्या वाचनालयात मला क्वचितच बघायला मिळाली आहे.

माझी आत्या ती कादंबरी दुपारच्या वेळी, जेवणं उरकल्यावर वाचायची. चाक रुतलं तिथं ती रडली, कवचकुंडलं दिली तिथंही रडली. पुस्तक संपल्यावर मात्र दोन दिवसांनी भाकरी थापता थापता म्हणाली, “सगळं खरं रे बाळ, पण भरल्या सभेत बाईला तसं बोलायचं काय कारण व्हतं त्याला?”

त्या प्रश्नापाशी मी अजून थांबलेला आहे.

सभापर्वात काय घडतं ते नीट पाहायला हवं. द्रौपदी विचारते, द्यूतात स्वतःला आधीच हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा अधिकार होता का? भीष्मांना उत्तर देता येत नाही. बाकीचे गप्प. बोलतो तो विकर्ण, दुर्योधनाचा सख्खा धाकटा भाऊ. तो म्हणतो, हिला जिंकलेलं मी मानत नाही. त्याला गप्प बसवणारा माणूस कर्ण आहे. पाच नवरे असलेल्या बाईला तो वेश्या ठरवतो, आणि पांडवांची आणि तिची वस्त्रं काढून घे असं दुःशासनाला सांगतो. विकर्णही त्याच घरचं अन्न खात होता. त्यालाही भावाचा राग ओढवून घ्यावा लागणारच होता. म्हणजे त्या दिवशी त्या बाजूला उभं राहूनसुद्धा दुसरं काही बोलता येत होतं.

मग आपण कारण शोधायला लागतो, कारण कर्ण आपल्याला हवा असतो. स्वयंवरात तिनं ‘सूतपुत्राला वरणार नाही’ असं म्हटलं, त्याचा सल होता, असं आपण एकमेकांना सांगतो. पण पुण्याच्या भांडारकर संस्थेनं अनेक हस्तलिखितं ताडून 1966 साली महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती पुरी केली, तिच्या मूळ पाठात द्रौपदीचं ते वाक्य नाही. नंतरची भर म्हणून ते बाहेर ठेवलंय. मला वाटतं, माझ्या आत्याला पडलेला प्रश्न शेकडो वर्षांपूर्वी कुणा कथेकऱ्यालाही पडला असणार. आवडत्या माणसाच्या वाईट वागण्याला काहीतरी जखम हवी, म्हणून त्यानं ती तयार केली.

कर्णानं स्वतः दिलेलं कारण वेगळं आहे. उद्योगपर्वात कृष्ण त्याला त्याचा जन्म सांगतो, तेव्हा तो कबूल करतो की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना कडू बोललो, आणि त्याचा मला आता ताप होतो. बस, एवढंच. फार मोठी जखम नाही, जुना सूड नाही. मित्राला बरं वाटावं. ज्या गुणासाठी आपण कर्णाला डोक्यावर घेतो, खाल्ल्या मिठाला जागणं, दोस्तासाठी जीव टाकणं, त्याच गुणातून ते बोलणं आलं. तालमीत, पेठेत, राजकारणात आपण हा गुण सगळ्यात वर ठेवतो. तो गुण माणसाला कुठवर नेतो हे व्यासांनी लिहून ठेवलंय. आणि आणखी एक. त्या कबुलीत पांडवांचा उल्लेख आहे, द्रौपदीचा नाही. तिच्यासाठी वेगळा ताप त्याला झाला असेलही, पण तो बोलून दाखवत नाही.

‘मृत्युंजय’मध्ये सहा जण बोलतात: कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि कृष्ण. रचना मोठ्या ताकदीची आहे. पण जिच्यावर सभेत हात टाकला गेला तिला त्यात बोलायला जागा नाही. माणूस ‘मी’ म्हणून बोलायला लागला की वाचणारा नकळत त्याचा वकील होतो, आणि समोरच्या बाजूनं कुणी उभंच राहिलं नाही की खटला पहिल्याच दिवशी संपतो. याच कारणासाठी मी खांडेकरांना जास्त न्यायी मानतो. ‘ययाति’त देवयानी आपलं दुःख सांगते: कचानं नाकारलं, शर्मिष्ठेनं बापाची भीक काढून विहिरीत ढकललं. आपण तिच्या बाजूचे होत जातो. पण तिनं जिला दासी केलं ती शर्मिष्ठाही त्याच पुस्तकात ‘मी’ म्हणून बोलते. मग देवयानीचा अपमान खरा ठरतो आणि तिनं केलेला अन्यायही खराच राहतो. दोन वर्षांनी, 1961 साली, गिरीश कार्नाडांचं कन्नड ‘ययाति’ नाटक प्रसिद्ध झालं; त्यात त्यांनी ययातीच्या मुलाची, पुरूची बायको चित्रलेखा उभी केली, जिचा तरुण नवरा एका दिवसात म्हातारा झाला. झळ बसलेल्या माणसाला बोलू दिलं की हेतूंची चर्चा जमिनीवर येते.

कर्णानं दिलेलं कारण काहीही असो, देवयानी आणि तो, दोघांनीही वरून आलेला अपमान खाली ढकलला. हे माणसाच्या स्वभावात आहे, म्हणून समजतं. पण ते अटळ नाही, आणि हे मला कोल्हापूरनंच शिकवलं. पंचगंगेवर जे घडलं त्यानंतर शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, 26 जुलै 1902 ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, पुढे अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभं केलं. कुणी म्हणेल ते राजे होते, त्यांना जमलं. कर्णही सभेत बोलला तेव्हा अंगदेशाचा राजा होता.

1967 सालीच पुण्यात इरावती कर्वे यांचं महाभारतावरचं ‘युगान्त’ निघालं. त्यातला कर्ण आपल्या कर्णासारखा तेजस्वी नाही. तो चिडलेला, आपली जागा शोधत राहिलेला माणूस आहे. इथल्या कित्येक घरांत ‘मृत्युंजय’ आहे, ‘युगान्त’ नाही. मला दोन्ही हवीत. कर्णावरचं माझं प्रेम आत्याच्या प्रश्नानं कमी झालेलं नाही. फक्त आता ते आंधळं नाही.

तुमच्या घरी ‘मृत्युंजय’ असेल, आणि बहुतेक असेलच, तर ती पुन्हा काढा. द्यूताच्या प्रसंगापाशी आलात की पुस्तक थोडा वेळ बाजूला ठेवा, महाभारताचं कुठलंही साधं मराठी भाषांतर घ्या आणि सभापर्वात विकर्ण काय बोलला ते आधी वाचा. मग कर्णाकडे परत या.