काकवीत भिजलेलं लोखंड

आमच्या भागात लोखंडाला स्वस्थ म्हातारं होऊ देत नाहीत. ट्रकचा मोडका पाटा लोहाराच्या भट्टीत जातो आणि ऊसतोडीचा कोयता होऊन बाहेर येतो. ऑइलच्या बॅरलचा पत्रा गोठ्याचं दार होतो, बेअरिंगच्या गोळ्या पोरांच्या खिशात खुळखुळतात. ही खोड आजकालची नाही. मिरजेच्या सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार. हत्यारांना धार लावायची, ती दुरुस्त करायची हा त्यांचा धंदा. तलवारींचे दिवस सरले तेव्हा, 1850 च्या सुमारास, फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं दुरुस्तीला घेतली. पात्यावरून फिरणारे हात तारांवरून फिरू लागले. 1910 साली औंध संस्थानच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगरांचा कारखाना उभा केला. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा देऊ केल्या आणि त्यांचे नांगर झाले, असं सांगतात. तिकडं साताऱ्यात धनजीशा कूपरांचा कारखाना 1922 चा. आधी नांगर, मग डिझेल इंजिनं. सातारा तेव्हा जिल्हा होता, सांगली वेगळं संस्थान. सांगलीचा वेगळा जिल्हा झाला तोही आधी ‘दक्षिण सातारा’ या नावानं, 1949 साली.

आणि अलीकडचे देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. तिथं या माणसानं भंगारातून छोटी जीप बनवली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. खर्च साठ हजारांच्या आसपास. 2021 च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी ती पाहिली आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. महिन्याभरात बोलेरो दारात आली, छोटी जीप कंपनीच्या संग्रहाकडं निघाली. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. फक्त एक बारीकशी चुटपुट लागून राहिली: ती जीप बनली होती पोरांना बसवून गावातून हिंडायला, आणि आता ती कुठंतरी पुसून-बिसून उभी राहणार.

या सगळ्या खानदानी परंपरेत माझा हट्ट बसत नव्हता. मामाच्या पिकअपचं मला काहीच बनवायचं नव्हतं. मला ती पिकअपच हवी होती.

ती भिलवडीला मामाच्या परड्यात चिंचेखाली उभी होती. महिंद्राची, 1991 ची, पुढून जीप आणि मागं लोखंडी हौदा. दुधाचे कॅन, हळदीची पोती, लग्नातली भांडी, एकदा एक बाळंतीण, सगळं तिनं वाहिलं होतं. मामाचे गुडघे गेले, पाठोपाठ गाडीची बॅटरी गेली, आणि मग दोघंही जागेवर बसले. भंगारवाला काटा घेऊनच येणार होता. मामा म्हणाला, “किलोवर जायची, त्यापरास तू ने की. पर करणार काय तिचं?” हा प्रश्न पुढं मला सगळ्यांनी विचारला. चहाची गाडी करणार का? डीजे बसवणार का? शेताच्या कडेला उभी करून तिच्यात हॉटेल काढणार का? चालवणार, असं म्हटलं की लोक गप्प होत, आणि थोडी काळजीही करत.

ट्रॅक्टरला टोचन करून ती कराडला आणली. पलूस, किर्लोस्करवाडी, ताकारी, शेणोली. रेल्वेच्या बाजूबाजूनं सगळा रस्ता. टोचन केलेल्या गाडीचं स्टिअरिंग धरणं हा एक विलक्षण अनुभव असतो. इंजिन मुकं, त्यामुळं गाडीचे बाकीचे सगळे आवाज ऐकू येतात: किंगपिनची कुरकुर, शॅकलच्या बुशांची कटकट, हौद्यात सैल झालेल्या फाळक्याची आदळआपट. त्या प्रवासात गाडीनं स्वतःच आपल्या दुखण्यांची यादी वाचून दाखवली.

अंगणात आल्यावर पहिलं काम धुण्याचं. चासीच्या खाचांत नळी घातली आणि गाळ निघायला लागला. मऊ, राखाडी-काळा, बारीक कण चमकणारा. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा भिलवडीत शिरली होती, त्या पाण्याचा हा गाळ. वरून गाडी कधीच वाळली होती, पण चासीच्या सांध्यांत नदी मुक्काम ठोकून होती. पत्रा बाहेरून नव्हे, आतून का सडतो हे मला त्या दिवशी पाण्याच्या लोटात दिसलं. वरचा रंग शाबूत आणि बोट लावलं की आरपार.

पैसे मोजके होते, म्हणून आधी क्रम ठरवला. आपल्याकडं बहुतेकांचा क्रम उलटा असतो: आधी रंग, मग सीट कव्हर, मग साउंड, आणि ब्रेक राहतात पुढच्या दिवाळीला. मी थांबणं आणि वळणं ही दोन कामं आधी धरली. व्हील सिलिंडर नवे घातले, कारण तिथं काटकसर करू नये. ब्रेकच्या शूवर मात्र नवं लायनर रिबेट मारून बसवून घेतलं. जुना शू चांगला असेल तर तो फेकण्यात शहाणपण नाही. लायनर बसवणारे काका फुटपाथच्या कडेला बसतात. तांब्याचा रिबेट, खाली ठोकणी, वर हातोडीचे हलके घाव, आणि शेवटी बोटानं दाबून बघायचं की रिबेटचं डोकं लायनरच्या पातळीच्या खाली गेलंय का. वर राहिलं तर ड्रमला चर पाडतं. ही बोटाची तपासणी कुठल्याही बिलावर लिहिलेली नसते. स्वस्तात गाडी उभी करायची म्हणजे अशी बोटं शोधत हिंडायचं, असं मला आता वाटतं. महागात करायची तर सुटे भाग शोधावे लागतात, एवढाच फरक.

गंजाचं प्रकरण मोठं होतं. बिजागऱ्या, फाळक्याचे आकडे, ब्रॅकेट, पेडल, सगळं तांबारलेलं. परदेशात जुन्या गाड्यांचे षौकीन असे भाग उसाच्या मळीत, म्हणजे मोलॅसिसमध्ये, पाणी घालून भिजत ठेवतात. सावकाश का होईना, गंज सुटतो आणि खालच्या लोखंडाला फारसा धक्का लागत नाही. आता साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात मळीची काय वाण, असं वाटेल. पण मळीपासून दारू होते, त्यामुळं तिच्या थेंबा-थेंबावर उत्पादन शुल्क खात्याचा डोळा. कारखान्याच्या गेटवर बादली घेऊन जाऊन ‘गंज काढायचाय’ असं सांगणारी मी पहिलीच ठरले असते. शेवटी एका गुऱ्हाळवाल्यानं आंबलेली काकवी दिली. काहीलीजवळ उभा राहून तो हसत होता. “वहिनी, ही जनावरंबी खाणार न्हाईत.” त्याला खरं कारण सांगितलं तेव्हा त्यानं आपल्या गाड्याची एक गंजलेली साखळीही सोबत दिली: जमलं तर हिलाबी बुडवा.

परसात निळं पिंप मांडलं. काकवीच्या कितीतरी पट पाणी, आणि त्यात तारेला बांधून सोडलेले भाग. पहिले काही दिवस वास गोड होता, मग आंबूस झाला, मग शेजारच्या काकू भिंतीवरून नुसत्या बघायला लागल्या. मुंगळे, गांधीलमाश्या, वर तपकिरी फेस. मधूनमधून तार वर ओढून बघायची. हाताला आधी बुळबुळ लागते, मग पाण्याखाली ब्रश मारला की काळपट चिखल सुटतो आणि त्याखालून करडं, निस्तेज, कोरं लोखंड दिसतं. चकाकी अजिबात नाही. पण आकड्यावरचे आटे पुन्हा दिसायला लागले, आणि पेडलच्या पाठीवर ठोकलेला आकडाही वाचता आला. असं कोरं लोखंड हवेत ठेवलं तर डोळ्यांदेखत पुन्हा लालसर होतं, म्हणून लगेच वाळवून रेड ऑक्साइडचा हात द्यायचा. गुऱ्हाळवाल्याची साखळीही निघाली. ती परत दिली तेव्हा त्यानं पाव ढेप गूळ दिला. या अख्ख्या कामात नफा झाला तो एवढाच.

इंजिनाबद्दल मी फार लिहीत नाही, कारण त्यानं फार काही मागितलंच नाही. फ्रान्सच्या प्यूजोच्या परवान्यावर बनलेलं, 2112 सीसीचं. महिंद्राच्या इगतपुरीच्या कारखान्यातून अशी इंजिनं अख्ख्या महाराष्ट्रात पसरली आणि घाटाघाटांत रुळली. मिस्त्रींनी डिपस्टिक नाकाशी नेली, तेल दोन बोटांत चोळलं, आणि “वर पाणी न्हाई मिसळलं” एवढंच म्हणाले. हेड उघडायचं नाही असं तिथंच ठरलं. खर्च झाला तो पंप-नोझलवर. टेस्टिंगवाल्यानं नोझल टेस्टरवर लावून दांडा दाबला: तीन नोझलांनी धुकं उडवलं, चौथं नुसतं ठिबकलं. ठिबकणारं नोझल म्हणजे काळा धूर आणि न जळता वाया जाणारं डिझेल. ते एकच बदललं.

सगळं जोडल्यावर एअर काढायची. डिझेल गाडीत कुठंतरी हवा अडकली की इंजिन पेटत नाही, सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. फिल्टरवरचा बोल्ट ढिला करायचा, हातपंप दाबत राहायचं. आधी नुसता सुस्कारा येतो, मग ताकासारखं फेसाळ डिझेल, मग बुडबुडे विरळ होत जातात, आणि एका क्षणी स्वच्छ, सलग धार लागते. तेवढ्यात बोल्ट आवळायचा. मग पुढं नोझलचे नट. सगळा परिसर, माझी ओढणी, मिस्त्रींची चप्पल डिझेलनं न्हालेली. हीटर तापू दिले, सेल्फ मारला. आधी एक सिलिंडर बोललं, लंगडत दुसरं, आणि मग पांढऱ्या धुराच्या ढगात चारही लागले. शेजारच्या काकूंनी वाळत घातलेल्या साड्या घाईघाईनं काढल्या. मी फोनवर मामाला आवाज ऐकवला. तो म्हणाला, “टॅपेट वाजत्यात.”

कागदपत्रांचं जग निराळं. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दर वर्षी पासिंग, वर पर्यावरण कर. आणि एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांचं शुल्क असं वाढवलंय की माणसानं गाडी मोडीत काढण्याचा विचार करावा. धोरणामागचं कारण मला पटतं. काळा धूर सोडणारी गाडी रस्त्यावर नको, हे मी त्या ठिबकणाऱ्या नोझलनंतर जास्तच ठामपणे म्हणेन. पण त्याच सरकारनं 2021 मध्ये पन्नास वर्षांपुढच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून खास मान दिला आणि त्यांच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं आणली. तीही हौसेच्या गाड्यांना, मालवाहू गाड्यांना नव्हे. म्हणजे पंधराव्या वर्षी गाडी नकोशी होते आणि पन्नासाव्या वर्षी राजघराण्यातली. मधली पस्तीस वर्षं तिनं कुठं तोंड लपवायचं, ते नियमात नाही. राजेरजवाड्यांच्या गाड्या ती वर्षं राजवाड्याच्या पागेत काढतात. दूध वाहणाऱ्या गाडीला चिंचेचं झाडच मिळतं, आणि खाली काटा घेऊन आलेला माणूस.

रंग शेवटी, आणि तोही फक्त बाहेरून. हौद्याच्या आतल्या बाजूला दुधाच्या कॅनच्या बुडांनी पाडलेले गोल पोचे आहेत, एकात एक अडकलेले. डेंटर म्हणाला, लांबी भरून एकदम सपाट करून देतो. मी नको म्हटलं. पैशांचा प्रश्न होताच, पण ते पोचे सपाट करण्यासारखं त्यांनी काही केलेलं नव्हतं. पेंटरला फाळक्यावर काही लिहायचं होतंच. त्याच्या मते मोकळा फाळका म्हणजे गाडीचा अपमान. ‘हॉर्न ओके प्लीज’वर महाराष्ट्रात 2015 मध्येच बंदी आली, ते त्याला ठाऊक होतं आणि त्याचं त्याला अजून वाईट वाटत होतं. शेवटी त्यानं नुसतं ‘भिलवडी’ लिहिलं, पिवळ्या अक्षरांना लाल सावली देऊन. वेलांटी काढताना त्यानं श्वास रोखून धरला होता.

हळद काढणीच्या दिवसांत मामाचा फोन आला. शिजवलेली, वाळवलेली हळद सांगलीच्या मार्केट यार्डात न्यायची, आणि टेम्पोवाले जास्त भाडं मागतायत. “तू किती घेतीस?” त्यानं सरळ विचारलं. डिझेल आणि जेवण, मी म्हटलं. भिलवडीत पोती चढवली, मामा काठी टेकत बाजूच्या सीटवर बसला आणि गाव संपेपर्यंत काहीच बोलला नाही. मी तिसऱ्या गिअरचा दांडा हातानं घट्ट धरून ठेवला होता, कारण उतारावर तो सटकन सुटतो. मिस्त्रींनी गिअरबॉक्स उघडायचं सांगितलं होतं, आणि ते पैसे मी टायरांत घातले होते.

मामानं थोडा वेळ माझ्या हाताकडं बघितलं.

“आगं, हात कशाला?” तो म्हणाला. “डावा गुडघा लाव. मी दुधाच्या पहिल्या वर्षापास्नं गुडघाच लावतुय.”

गुडघा लावला. गिअर राहिला. मग तो टॅपेटबद्दल बोलायला लागला, ते सांगली येईपर्यंत.