'व्हेन ड्रीम अँड डे युनाइट' पुन्हा ऐकताना

ड्रीम थिएटर या अमेरिकी बँडचा 'व्हेन ड्रीम अँड डे युनाइट' हा पहिला अल्बम ६ मार्च १९८९ रोजी प्रसिद्ध झाला. त्यात आठ रचना आहेत आणि एकूण लांबी सुमारे ५१ मिनिटे आहे. तीन वर्षांनी आलेल्या 'इमेजेस अँड वर्ड्स'ने बँडला जगभर नाव मिळवून दिले. तेव्हापासून पहिल्या अल्बमची गणना पूर्वतयारीत होऊ लागली: उत्साह भरपूर, पण काम कच्चे. हा निवाडा अर्धाच खरा आहे. कच्चेपणा आहे, पण तो ध्वनिमुद्रणात आणि वाद्यांच्या मांडणीत आहे. रचनांचा सांगाडा तेव्हाच पुरा वाढलेला होता. हे दोन थर वेगळे काढून ऐकले, तर प्रोग्रेसिव्ह मेटल रचणाऱ्या आणि वाजवणाऱ्या कोणालाही या अल्बमातून पुढच्या गाजलेल्या अल्बमांइतकेच, कधी कधी जास्तच, शिकता येते.

बँडची सुरुवात १९८५ मध्ये बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात झाली. गिटारवादक जॉन पेट्रुची, बासवादक जॉन मायुंग आणि ड्रमर माइक पोर्टनॉय हे तिघे विद्यार्थी तिथे एकत्र आले. पेट्रुची आणि मायुंग यांचा जुना मित्र केव्हिन मूर कीबोर्डवर आला. चौघांचाही जन्म १९६७ चा. बँडचे पहिले नाव 'मॅजेस्टी' होते. त्या नावाने १९८६ मध्ये काढलेली डेमो कॅसेट जाणकार श्रोत्यांत हातोहात फिरली. पुढे लास वेगासच्या त्याच नावाच्या एका बँडने कायदेशीर कारवाईचा इशारा दिला आणि नाव बदलावे लागले. नवे नाव पोर्टनॉयच्या वडिलांनी सुचवले. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे येथील एका चित्रपटगृहाचे ते नाव होते. पहिला गायक ख्रिस कॉलिन्स १९८६ मध्ये बाहेर पडला. बऱ्याच शोधानंतर १९८७ च्या अखेरीस चार्ली डॉमिनिची आला. तो इतरांहून सुमारे पंधरा वर्षांनी मोठा होता आणि व्यावसायिक पॉप-रॉक बँडमध्ये काम केलेला होता. बाकीच्यांनी रश, येस, आयर्न मेडन आणि मेटॅलिका यांचे संगीत तासन्‌तास बसून हातात मुरवले होते. गाण्याला काय लागते याची डॉमिनिचीची समज आणि वाद्यांना काय करून दाखवायचे आहे याची चौघांची ओढ, या दोन्ही गोष्टी अल्बममध्ये शेजारी शेजारी ऐकू येतात. त्या नेहमी जुळतातच असे नाही.

मेटलला गुंतागुंतीच्या रचनेची जोड देणारे हे पहिलेच लोक नव्हते. टेक्सासच्या वॉचटॉवरचा पहिला अल्बम १९८५ मध्ये आला होता. फेट्स वॉर्निंग आणि क्वीन्सराइक यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात लांब, विषयसूत्र असलेल्या रचनांचा पाया घातला होता. १९८८ मध्ये मेटॅलिकाचा '...अँड जस्टिस फॉर ऑल' आला आणि लांबलचक, वळणावळणाची मेटल गाणी मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत पोचली. ड्रीम थिएटरने यात आणले ते कीबोर्ड. पार्श्वभूमी रंगवण्यापुरते नव्हे, तर गिटारच्या तोडीने बोलणारे. दुसरी गोष्ट म्हणजे लयीशी चालणारा सततचा खेळ.

हा खेळ तालाशी परिचित असलेल्या श्रोत्याला चटकन उमगतो, पण फरकासकट. रूपक तालात सात मात्रांचे आवर्तन एकदा सुरू झाले की बंदिश संपेपर्यंत ते तसेच राहते. गायक आणि साथीदार त्याच चौकटीत स्वातंत्र्य घेतात. प्रोग्रेसिव्ह मेटलमध्ये चौकटच हलती असते. सात मात्रांची ओळ दोनदा येते, पुढची पाचाची, मग अचानक सरळ चार. सम कुठे आहे हे ठेका सांगत नाही, रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, सांगतो. ड्रमरपुढे मग दोन वाटा असतात. एक, रिफच्या प्रत्येक आघाताला बिलगून वाजवायचे. दुसरी, रिफ सातात फिरत असताना आपण चार धरून ठेवायचे, म्हणजे अठ्ठावीस मात्रांनी दोघे पुन्हा एकत्र समेवर येतात. पहिल्या वाटेने ताकद मिळते, दुसरीने ताण. या अल्बमवरचा एकवीस वर्षांचा पोर्टनॉय बहुतेक वेळा पहिली वाट धरतो, तीही भरगच्च. दोन वाक्यांच्या मधली फट तो क्वचितच मोकळी सोडतो. पुढच्या काळात तो थांबायला शिकला. त्या थांबण्याने गुंतागुंत कमी झाली नाही, उलट ती ऐकणाऱ्याला पकडता येऊ लागली.

ध्वनिमुद्रण १९८८ च्या उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियातल्या ग्लॅडविन येथील केजेम व्हिक्टरी स्टुडिओत झाले. करार एमसीएच्या छत्राखालच्या मेकॅनिक रेकॉर्ड्स या लहान लेबलशी होता. मूळ ट्रॅक सुमारे दहा दिवसांत वाजवून झाले आणि सगळा अल्बम साधारण तीन आठवड्यांत उरकला. निर्माता टेरी डेट होता. त्यानेच पुढे साउंडगार्डनचा 'लाउडर दॅन लव्ह' आणि पँटेराचा 'काउबॉइज फ्रॉम हेल' हे अल्बम केले, आणि त्यांतला गिटार-ड्रमचा भरीव आवाज आजही उदाहरणादाखल सांगितला जातो. म्हणजे हाताळणारा माणूस नवशिका नव्हता. कमी होता तो वेळ.

त्या कमतरतेचा परिणाम नेमका कुठे झाला, हे कान देऊन ऐकण्यासारखे आहे. विकृती (डिस्टॉर्शन) लावलेली गिटार मधल्या कंपनपट्ट्यात फार मोठी जागा घेते. मूरचे कीबोर्ड त्या काळच्या चकचकीत डिजिटल स्वरांचे, आणि तेही त्याच पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात. डॉमिनिचीचा आवाज बारीक, उंच आणि धारदार; तोही तिथेच. तीन घटक एकाच जागेसाठी झटतात आणि खालची बाजू ओकीबोकी राहते. मायुंगचा बास वाजतो आहे, तोही अत्यंत चपळ, पण तो गिटारच्या सावलीत चालतो. बऱ्याच ठिकाणी तो ऐकण्यापेक्षा अनुमानाने ओळखावा लागतो. ड्रमवर प्रतिध्वनीचा थर आहे. जलद गतीत त्या थरामुळे आघातांच्या कडा बोथट होतात. अधिक वेळ मिळाला असता तर मिक्समध्ये यातले बरेच सुधारले असते. काही दोष मात्र मिक्सचा नाहीच. चौघांनी चारही वाद्यांसाठी जवळजवळ अखंड वाजणारा मजकूर लिहिला होता. गायकाच्या ओळीखाली कुणीतरी एकाने गप्प बसायचे असते, हा अरेंजमेंटचा साधा नियम इथे फारसा पाळलेला नाही.

डॉमिनिचीवर मग सगळा दोष टाकला जातो. तोही तपासून घ्यावा. आवाज सुरात आहे, शब्दोच्चार स्वच्छ आहेत आणि संथ जागी त्याची वाक्ये नीट वळतात. अडचण येते ती आवाजाच्या वजनाची. जड रिफवर उभे राहायला छातीतून येणारा भरदार स्वर लागतो. डॉमिनिचीची घडण मधुर गीतप्रकारांत झाली होती. 'स्टेटस सीकर' हे अल्बममधले सर्वांत छोटे, जेमतेम सव्वाचार मिनिटांचे गाणे त्याच्या गळ्याला सर्वाधिक शोभते, कारण तिथे वाद्ये गाण्यासाठी वाजतात आणि ध्रुवपदाला मोकळी हवा मिळते. लांब रचनांत तोच गायक पाहुण्यासारखा वाटू लागतो.

पहिली रचना 'अ फॉर्च्यून इन लाइज' बँडची ओळख एका झटक्यात करून देते: वेग, अचानक मोड, गिटार आणि कीबोर्डची जुगलबंदी. तिसरी 'द यट्से जॅम' पूर्ण वाद्यसंगीत आहे. तिचे नाव म्हणजे बँडचे जुने 'मॅजेस्टी' हे नाव उलटे लिहिलेले. गायक नसल्यामुळे वर सांगितलेली जागेची झटापट इथे आपोआप मिटते आणि चौघे एकमेकांना वाट करून देताना ऐकू येतात. बासला स्वतःची जागा मिळते, ड्रमला मिळते. बँडच्या पुढच्या मैफिलींत ही रचना टिकून राहिली, यात नवल नाही.

अल्बमचा कणा मात्र 'द किलिंग हँड'. साडेआठ मिनिटांहून थोडी लांब, पाच उपभागांत विभागलेली. कथा पेट्रुचीची: एका जुलमी सत्ताधीशाने केलेल्या संहारामुळे अस्वस्थ झालेला माणूस काळात मागे जातो, त्या जुलम्याचा अंत करतो, आणि तो जुलमी आपणच असल्याचे त्याला उमगते. एकविशीतल्या लेखकाने घेतलेला हा विषय महत्त्वाकांक्षी आहे. त्याहून मोलाची आहे ती संगीताने या कथेला दिलेली बांधणी. आरंभी अकूस्टिक गिटारवर एक शांत आकृती येते. तिच्यावर वजन हळूहळू चढते आणि पूर्ण वाद्यमेळ येतो तेव्हा तो आधीच्या शांततेतून उगवलेला वाटतो, वरून चिकटवलेला वाटत नाही. भाग बदलताना गती, सुरावट आणि घनता या तिन्ही गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत, एखादी धरून ठेवायची, ही लांब रचनांची युक्ती इथे स्पष्ट दिसते. श्रोता हरवत नाही तो त्यामुळे. पुढे बँडच्याच 'मेट्रोपोलिस' किंवा 'अ चेंज ऑफ सीझन्स' या रचनांमध्ये ही युक्ती अधिक सफाईने येते, पण ती सापडली इथे.

'लाइट फ्यूज अँड गेट अवे' आणि 'द वन्स हू हेल्प टू सेट द सन' यांत कल्पनांची गर्दी जास्त आणि निवड कमी आहे. प्रत्येकीत दोन-तीन सुंदर प्रसंग आहेत, त्यांना जोडणारे दुवे कमजोर आहेत. 'आफ्टरलाइफ' वेगळी. तिच्यातला गिटार आणि कीबोर्डचा एकत्र धावणारा सोलो वाजवणाऱ्यांसाठी धडाच आहे. कीबोर्डचा स्वर कळ दाबताच पूर्ण उमटतो. विकृती लावलेल्या गिटारची तार मात्र छेडल्यावर रेंगाळते आणि शेजारच्या तारा गुंजतात. दोघांची ओळ एक वाटायची तर गिटारवाल्याला दोन्ही हातांनी नको त्या तारा दाबून ठेवत प्रत्येक स्वर कापून काढावा लागतो. पेट्रुची हे विशीतच अस्खलित करत होता. पुढे या बँडची ओळख ठरलेली ही शैली इथे पहिल्याच अल्बमवर पक्की झालेली आहे.

प्रसिद्धीनंतर अल्बमच्या वाट्याला फार थोडे आले. लेबलचा पाठिंबा तुटपुंजा होता. अल्बमच्या निमित्ताने मोजून पाच कार्यक्रम झाले. त्यानंतर डॉमिनिची आणि बँड वेगळे झाले. पुढची जवळजवळ दोन वर्षे चौघे गायकाशिवाय लिहीत राहिले आणि सुमारे दोनशे गायकांच्या चाचण्या घेत राहिले. अखेर १९९१ मध्ये कॅनडाच्या जेम्स लाब्रीची निवड झाली. या अवधीत तयार झालेले बरेचसे संगीत 'इमेजेस अँड वर्ड्स'मध्ये गेले. दोन अल्बमांमधली झेप एका रात्रीतली वाटते ती यामुळे. प्रत्यक्षात मध्ये दोन वर्षांची तालीम आहे.

पहिल्या अल्बममध्ये दोष कुणाचा, हे ठरवायला दोन पुरावे हाताशी आहेत. १९९३ च्या 'लाइव्ह अॅट द मार्की'वर 'द किलिंग हँड' लाब्रीच्या आवाजात आणि 'अनदर हँड' ही नवी प्रस्तावना जोडून आलेली आहे. दुसरा पुरावा अधिक सविस्तर आहे. ६ मार्च २००४ रोजी, बरोबर पंधरा वर्षांनी, लॉस एंजेलिसच्या पँटेजेस थिएटरमध्ये बँडने हा अल्बम क्रमवार पूर्ण वाजवला. कीबोर्डवर आता मूरऐवजी जॉर्डन रूडेस होता. शेवटी डॉमिनिची स्वतः मंचावर आला. बँडचा मधल्या काळातला कीबोर्डवादक डेरेक शेरिनियन हाही सोबत होता. हे ध्वनिमुद्रण 'व्हेन ड्रीम अँड डे रीयुनाइट' या नावाने बँडच्या स्वतःच्या यट्सेजॅम रेकॉर्ड्सकडून प्रसिद्ध झाले.

१९८९ चे आणि २००४ चे ध्वनिमुद्रण लागोपाठ ऐकले की रचनांत मुळापासून बदल करण्याची गरज पडली नसल्याचे लक्षात येते. आवाजाला वजन आले, बास वर आला, ड्रमच्या कडा स्पष्ट झाल्या, आणि एवढ्याने 'आफ्टरलाइफ', 'अ फॉर्च्यून इन लाइज', 'द किलिंग हँड' या रचना पुढच्या कामाच्या रांगेत मान ताठ ठेवून बसतात. 'लाइट फ्यूज अँड गेट अवे'मधले ढिले दुवे मात्र २००४ मध्येही ढिलेच राहतात. तिथे दोष मुद्रणाचा नव्हता. आणि 'स्टेटस सीकर' मूळ अल्बमवरच अधिक गोड आहे, कारण ते गाणे डॉमिनिचीच्या गळ्यावर बेतलेले होते.

अभ्यासासाठी ऐकायचे तर बासपासून आरंभ करावा. मायुंगची ओळ आधी २००४ च्या मुद्रणावर पाठ करावी. मग १९८९ च्या मूळ अल्बमवर ती शोधावी. 'द यट्से जॅम'मध्ये ती लगेच सापडते. 'ओन्ली अ मॅटर ऑफ टाइम'मध्ये गिटार आणि कीबोर्डच्या खालून तिला उकरून काढावे लागते. एकदा सापडली की त्या रचनेचे बदलते मात्रागट कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, हे तिच्यावरूनच सर्वांत नीट मोजता येते.