गोदाकाठी जमीन पाहताना

अंबड जवळ येऊ लागलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोसंबीच्या बागा दिसू लागतात. पौषातलं कोवळं ऊन होतं. मत्स्योदरीच्या टेकडीला गाडीतूनच हात जोडले आणि वडीगोद्रीच्या रस्त्याला लागलो. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी या भागाला मिळतं, म्हणून जालन्याच्या कोरडवाहू शिवारातून आलेल्या माणसाला इथला ऊस पाहूनच बरं वाटतं. शहागडला पुलाखालून गोदावरी वाहते. पलीकडचा काठ बीड जिल्ह्याचा.

निवृत्तीनंतर नदीकाठी राहावं, चार झाडं लावावीत, ही माझी आणि धाकट्या भावाची फार दिवसांची इच्छा. वडिलांची शेती आमच्या नावावर आहे, त्यामुळे शेतकरी असल्याचा दाखला होता. तो नसेल तर शेतजमीन सहजी घेता येत नाही.

मध्यस्थानं दाखवलेली जागा देखणी होती. काळी जमीन, खाली संथ पाणी, वाळूवर बगळे. भाऊ तर तिथंच घराचं तोंड कुठं ठेवायचं ते सांगू लागला. मध्यस्थ म्हणाला, "पाच-पाच गुंठ्यांचे तुकडे पाडलेत, सामाईक खरेदीखत करू." २०२३ च्या अधिसूचनेनुसार शेतजमिनीच्या व्यवहाराला जिरायत किमान २० आणि बागायत १० गुंठे लागते. त्यातून वाट काढायला सगळ्यांची नावं एकाच सातबारावर चढवतात. पुढं कुणाचा तुकडा कोणता, यावर भाऊबंदांसारखी भांडणं होतात. मला हा प्रकार सरळ फसवणुकीचा वाटतो.

शेजारच्या बांधावर एक म्हातारे शेतकरी दारं धरत होते. त्यांना रामराम घातला.

"काका, जागा कशी आहे?"

"आता काय बगता साहेब? भादव्यात या."

ते आम्हाला त्यांच्या मोटारीकडे घेऊन गेले. स्टार्टरची पेटी उंच लोखंडी घोडीवर बसवलेली. हात वर केल्याशिवाय बटण दाबता येत नव्हतं. जवळच्या लिंबाच्या खोडावर गाळाची पट्टी वाळून बसली होती, माझ्या डोक्याच्याही वर. २०२५ च्या सप्टेंबरात धरणातून पाणी सोडलं तेव्हाची ती खूण. २००६ च्या पुराची आठवण तर काठावरच्या प्रत्येकाला आहे. ज्या नदीवर पूररेषा आखलेल्या असतात, तिथं निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधता येत नाही, हे मध्यस्थाच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं.

परतताना पांदणीनं गाडीचा खुळखुळा केला. वाळूच्या हायवांनी तिथं गुडघाभर चाकोऱ्या पाडल्यात. पावसाळ्यात बैलगाडीही जायची नाही.

आम्ही ती जागा सोडली. आता नदीपासून लांब, चढावरची जमीन पाहतोय. पाणी दुरूनच दिसेल, पण जोत्याला लागणार नाही.

आपल्यालाही काठाची ओढ असेल तर हिवाळ्यात नदी पाहून इसार देऊ नका. भाद्रपदात एक चक्कर मारा, बांधाशेजारच्याला विचारा. सातबारावरचा 'इतर हक्क' रकाना वाचा. मराठवाड्यात निजामकाळातल्या इनामाच्या, मदतमाशच्या जमिनी पुष्कळ आहेत, म्हणून भोगवटादार वर्ग १ की २ तेही पाहा. सरकारी मोजणी करून घ्या आणि मगच पैशाचं बोला.