बग कुणाच्या नावावर?

टेस्टरला बग सापडला की टीममध्ये हमखास प्रश्न निघतो: हा ज्या यूजर स्टोरीतून आला तिच्याच खाली टाकायचा, की वेगळं तिकीट काढायचं? अझ्युर डेव्हऑप्ससारखं साधनही याचं उत्तर देत नाही. बग स्टोरीच्या बरोबरीने मोजायचा की तिच्या पोटातलं काम म्हणून, हे टीमनेच निवडायचं. बाहेरच्याला ही कारकुनी वाटेल. मला त्यात टीमचा स्वभाव दिसतो.

समजा, ‘ग्राहकाला पत्ता बदलता यावा’ अशी स्टोरी आहे आणि पिनकोड रिकामा ठेवला तरी पत्ता सेव्ह होतो. अजाइल पद्धतीचे एक प्रणेते रॉन जेफ्रीज यांनी २००१ मध्ये स्टोरीची तीन अंगं सांगितली: कार्ड, त्यावरचं बोलणं आणि शेवटी खातरजमा. इथे खातरजमाच फसली. म्हणजे स्टोरी झालेलीच नाही. पण बगचं वेगळं तिकीट निघालं की स्टोरी ‘डन’मध्ये सरकते, पॉइंट पदरात पडतात, व्हेलॉसिटीचा आलेख चढतो आणि बग बॅकलॉगच्या तळाशी जातो. पाहुण्यांसमोर ओटा लख्ख आणि उष्टी भांडी मोरीत, असा हा प्रकार.

प्रत्येक बगला स्टोरी सापडतेच असंही नाही. पत्त्याची स्टोरी ठीक, डिलिव्हरी शुल्काची ठीक; पण शुल्क लागल्यावर पत्ता बदलला तर जुनंच शुल्क राहतं. हा दोष दोघींच्या सांध्यातला. तो ओढूनताणून एकीच्या माथी मारण्यापेक्षा स्वतंत्र नोंदवावा आणि दोघींशी लिंक करावा. रिलीजनंतर काही महिन्यांनी उगवलेल्या बगचंही तसंच: त्याचा क्रम प्रॉडक्ट ओनर ठरवेल, पण मूळ स्टोरीशी धागा राहू द्यावा. एकाच स्टोरीभोवती बगची गर्दी दिसू लागली, तर कोडला दोष देण्याआधी बोलणं कुठे कमी पडलं ते पाहावं.

पुण्या-बंगळुरूच्या सेवा कंपन्यांत, ठरीव रकमेच्या कामात, या वादाला पैशाचीही किनार असते. बग ठरला तर दुरुस्ती पदरमोड करून, ‘चेंज रिक्वेस्ट’ ठरली तर बिल. मग ‘स्टोरीत तसं लिहिलं नव्हतं’ हे वाक्य दोन्ही बाजूंना ऐकू येऊ लागतं, आणि बोलणं सुरू व्हावं म्हणून लिहिलेलं कार्ड कलमाकलमाने वाचलं जातं.

रिव्ह्यूमध्ये दोन बग पोटात घेऊन उघडी राहिलेली स्टोरी दाखवायला धीर लागतो. पण ती दाखवणाऱ्या टीमने पुढच्या वेळी ‘झालं’ म्हटलं, तर क्लायंट पुन्हा तपासायला बसत नाही.